चार खिडक्यांतला कोंबडा

पायस मिस्किटा यांनी मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ माझ्या टेबलावर पसरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे ‘मुलीचे मामा’ एवढंच छापलेलं होतं. पुढची जागा कोरी.

“नाव राहिलंय,” मी म्हणालो.

“राहिलं नाय, मास्तर. ठेवलंय.”

“म्हणजे मामा नाहीत?”

“हाय ना. कल्याणला हाय, ठणठणीत हाय. पण येणार का नाय ते ठरायचंय. पंधरा मार्चपर्यंत ही ओळ अशीच ठेवा. त्याच्यानंतर नाव तरी घाला, नायतर ओळच काढा.”

१९९७ चा फेब्रुवारी चालू होता. लग्न ईस्टरनंतर, एप्रिलच्या बारा तारखेला. मी टेंभी नाक्याजवळच्या एका छापखान्यात प्रूफं तपासायचो. त्याआधी वीस वर्षं मी कवी होतो, म्हणजे मी तसं समजायचो. बाकीच्यांपर्यंत ही बातमी नीट पोचली नव्हती. माझा एकुलता एक संग्रह बेचाळीस पानांचा. त्यात यंत्रयुगाविषयी अकरा कविता होत्या, अकराही विरोधातल्या. पुढे मालकांनी छापखान्यात कॉम्प्युटर आणला, खिळे जुळवणारे दोघे कंपॉझिटर त्याच्या जवळ जायला तयार होईनात, तेव्हा मालकांनी माझ्याकडे बघितलं. यंत्रयुगाने मला तीन आठवड्यांत माणसाळवलं. डोंबिवलीला आमच्या बिल्डिंगमध्ये लोक मला ‘कॉम्प्युटरवाले’ म्हणू लागले. कवी कोणी कधी म्हटलं नव्हतं. ते ऐकायला मला बरं वाटायचं, हे मी इथे पहिल्यांदाच कबूल करतो.

पायसभाऊंनी कोपऱ्यातल्या मशीनकडे हनुवटी केली. “तुमाला यातलं कळतं?”

“थोडंफार,” मी म्हणालो. ऐकणाऱ्याने ‘सगळं’ असं समजावं, अशा बेताने.

“मग रविवारी देवळातली मिस्सा आटपली की घरी या. भाच्यानं बहारीनवरनं मशीन पाठवलंय. त्याच्यात बायबलचा प्रोग्राम हाय. मना एक कोंबडा शोधायचाय.”

पायसभाऊंचं घर खाडीकडच्या जुन्या गावठाणात, दगडी क्रूसाच्या समोर. वय एकसष्ट. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं टर्नर होते. ड्रॉइंगमध्ये जे माप असेल तेच लोखंडात उतरलं पाहिजे, हा कामाचा नियम त्यांनी रिटायर झाल्यावर घरच्या सगळ्या गोष्टींना लावला होता. दाराचा कडीकोयंडा, मुलीच्या पदराची पिन, माझ्या शर्टाचं चुकीच्या काजात गेलेलं बटण. मी आत शिरताच त्यांनी ते बटण बोटाने दाखवलं आणि मगच “बसा” म्हणाले.

कोंबड्याची गोष्ट मला त्यांच्या बायकोने, एमाबाईंनी सांगितली. पायसभाऊ तेव्हा मशीनवरचं प्लास्टिकचं झाकण काढून त्याची घडी घालत होते. झाकणाचे कोपरे जुळेनात, त्यामुळे बाईंना भरपूर वेळ मिळाला.

लहानपणापासून पायस कोंबड्यासारखा आरवायचा. दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरून असं आरवायचा की गावातले खरे कोंबडे उत्तर द्यायचे. त्यामुळे पवित्र आठवड्यात गावात दुःखसहनाचं नाटक व्हायचं, त्यात कोंबडा दरवर्षी पायसच. पेत्राचं काम एमाबाईंचा थोरला भाऊ फेलिक्स लोपीस करायचा. प्रसंग सगळ्यांना पाठ: येशूला पकडून नेलंय, पेत्र अंगणात शेकोटीपाशी बसलाय, दासी येऊन विचारते, ‘तू पण त्याच्याबरोबर होतास ना?’ पेत्र नाही म्हणतो. असं तीनदा विचारतात, तो तीनदा नाकारतो. मग कोंबडा आरवतो. ‘कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील’ हे येशूचं बोलणं पेत्राला आठवतं आणि तो रडत बाहेर जातो.

“आणि हा आमचा शहाणा,” एमाबाई म्हणाल्या, “चौऱ्याहत्तर साली नाटकाच्या आदल्या दिवशी बायबल घेऊन बसला. मार्काच्या शुभवर्तमानात याला दिसलं, कोंबडा पहिल्या नकारालाच एकदा आरवतो, आणि शेवटी दुसऱ्यांदा. म्हणजे नाटकाची वही चुकीची! झालं. कोणाला सांगितलं नाय, विचारलं नाय. नाटकात फेलिक्स एकदा नाय म्हणाला, आणि पडद्यामागनं हा आरवला.”

“मग?”

“मग काय? फेलिक्सला वाटलं, आपलीच दोन वाक्यं खाल्ली. तो रडत रडत आत गेला. दासी आपली रिकाम्या स्टुलाकडे बोट दाखवून म्हणतेय, ‘हा पण त्यांच्यातलाच!’ सगळं गाव हसलं. फादर पण.”

फेलिक्सचं नाव तेव्हापासून ‘घाईचा पेत्र’ पडलं. मासळी घ्यायला गेला की कोळणी विचारायच्या, “एकदाच नाय म्हणतोस का तीनदा?” वर्षभरात त्याने कल्याणला रेल्वेचं क्वार्टर मागून घेतलं. एमाबाई दर ईस्टरला भावाकडे जायच्या, पण तेवीस वर्षांत त्याने पायसच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. आणि आता मुलीचं, ॲनीचं लग्न होतं. आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीसाठी उंबराचं पाणी आणायला बँड लावून विहिरीवर जायचं, आणि पोरीचा मामा सोबत नाही, हे त्या घरात कोणालाच डोळ्यांसमोर आणवत नव्हतं. ॲनी मधेच चहा घेऊन आली आणि बापाकडे न बघता म्हणाली, “मामा नसला तर मी पाण्याला जाणार नाय. खोटं वाटत असेल तर कॉम्प्युटरला विचारा.”

“पण बायबल घरात असताना मशीन कशाला?” मी विचारलं.

पायसभाऊंनी घडी अखेर घातली. “येशूची गोष्ट चौघांनी लिवलीय, चार शुभवर्तमानं. पुस्तकात चार ठिकाणी चार बोटं घालून बसतो, मास्तर. पान उलटायला पाचवं लागतं, तेवढ्यात तिसरं निसटतं. आणि फेलिक्स माझ्या बोटावर विश्वास नाय ठेवायचा. तो रेल्वेतला माणूस. त्याला टाइमटेबल लागतं. चौघांचे चार रकाने आजूबाजूला, कोण कुठं थांबला, कोंबडा कुठं आरवला. मशीन काय माझा पाहुणा लागत नाय. मशीननं सांगितलं तर ऐकेल.”

मी हसलो नाही. माणसाच्या अपराधाचा पुरावा यंत्राकडे मागणं वगैरे वाक्यं माझ्या डोक्यात लगेच तयार झाली, आणि त्यांतलं एकही त्या झाकणाच्या घडीइतकं नीट बसत नव्हतं. माझ्या संग्रहात कोंबडा सात वेळा येतो आणि एकदाही आरवत नाही. त्याला समीक्षकांनी काही म्हणावं अशी माझी फार अपेक्षा होती.

पहिल्या रविवारी मी मशीनसमोर बसलो. पडद्यावर एकाच वेळी चार खिडक्या उघडता येतात, हे मी मेनू चाचपून शोधून काढलं. एकीत मत्तय, दुसरीत मार्क, तिसरीत लूक, चौथीत योहान. सगळं इंग्रजीत, पण पायसभाऊंना वाचता येत होतं. त्याहून भारी गोष्ट म्हणजे चारही खिडक्या एकमेकींना बांधायची सोय होती. एक सरकवली की बाकीच्या आपोआप तिथेच येतात. मी त्या बांधल्या, जरा मागे टेकलो आणि मत्तयच्या खिडकीत सव्विसावा अध्याय, एकोणसत्तरावं वचन असं टाकलं.

मत्तय बरोबर अंगणात जाऊन उभा राहिला. मार्कची खिडकी कोरी झाली. लूकचीही. योहानचीही.

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. मशीन बंद करून चालू केलं. प्रोग्राम खराब आहे, फ्लॉपीत धूळ गेली असेल, बहारीनहून येताना धक्का बसला असेल, असं मी क्रमाक्रमाने जाहीर केलं. पायसभाऊ शांतपणे ऐकत होते.

“मास्तर,” शेवटी ते म्हणाले, “मार्काचे अध्याय सोळाच. सव्विसावा तो कुठनं आणणार?”

एमाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मला वाटत होतं, ही एकाच पुस्तकाच्या चार आवृत्त्या असणार. पान तेच, ओळ तीच. आयुष्यभर मी ‘सत्य अनेक असतं’ असं लिहिलं होतं. ते प्रत्यक्षात निरनिराळ्या पानांवर असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

“चौघांनी चार ठिकाणांहून बघितलेलं हाय,” पायसभाऊंनी मला समजावलं. “कोण लवकर अंगणात पोचतो, कोण उशिरा. बांधू नका त्यांना. सोडा.”

मी चौघांना सोडलं आणि प्रत्येकाला हाताने त्याच्या त्याच्या जागी नेलं. मार्क चौदा, लूक बावीस, योहान अठरा. पडदा चौदा इंची. त्यात चार खिडक्या म्हणजे एकेका ओळीत तीन-तीन शब्द मावत. वाक्यं अशी तुटून खाली पडत होती की थेट माझ्या कवितांसारखी दिसत होती, फक्त अर्थ लागत होता. पायसभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला नाक लावलं आणि दुसऱ्या खिडकीवर नख टेकवलं. मार्क, चौदावा अध्याय, अडुसष्टावं वचन. पेत्र पहिल्यांदा नाही म्हणतो, बाहेर देवडीत जातो, आणि कोंबडा आरवतो. बाकी तिघांत तो एकदाच, शेवटी.

“हा बघ,” ते बायकोला म्हणाले. “हा मी.”

“तूच तो,” एमाबाई आतून म्हणाल्या. “चौघांतला एकटा तूच.”

तिथेच थांबायला हवं होतं. पण आठवडाभर मला ती कोरी खिडकी खुपत होती. मार्काचे अध्याय सोळाच, हे वाक्य मला जेवताना आठवायचं. आपण अगदीच काही बावळट नाही, हे दाखवायला दुसऱ्या रविवारी मी म्हणालो, “पायसभाऊ, याच्यात दोन भाषांतरं आहेत. एक जुनं, एक नवं. एकाच मार्कच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी लावू? पुरावा डबल होईल.”

“लावा,” ते खुशीत म्हणाले.

मी लावल्या. डावीकडे जुना मार्क, उजवीकडे नवा. डावीकडे अडुसष्टाव्या वचनाच्या शेवटी कोंबडा आरवत होता. उजवीकडे पेत्र देवडीत गेला आणि वचन संपलं. कोंबडा नव्हता. खाली बारीक अक्षरांत एक टीप होती: काही जुन्या प्रतींमध्ये ‘आणि कोंबडा आरवला’ असं जास्तीचं सापडतं.

पायसभाऊंनी टीप दोनदा वाचली. मग खाली बहात्तराव्या वचनावर गेले.

“इथं म्हणतोय, कोंबडा दुसऱ्यांदा आरवला,” ते हळूच म्हणाले. “दुसऱ्यांदा हाय. मग पहिलं कुठं गेलं?”

प्रूफं तपासणाऱ्याला गाळलेली ओळ ओळखता येते. पण ती गाळली की नंतर कोणी घुसवली, हे दोन हजार वर्षांनी माझ्यासारख्याने कसं सांगावं?

“ती खिडकी बंद करा,” पायसभाऊ म्हणाले.

मी बंद केली. झाकण घालताना त्या दिवशी त्यांनी कोपरे जुळवले नाहीत.

तिसऱ्या रविवारी छपाई. तिथे माझी उरलीसुरली अब्रू गेली. पडद्यावर शेजारी शेजारी दिसणारे चार रकाने छापताना शेजारी येतच नव्हते. प्रिंटर करकर करत एकाखाली एक छापत होता: आधी सगळा मत्तय, मग सगळा मार्क, तसा चार हात लांब कागद. मी तासभर मेनू उलथेपालथे केले. शेवटी एमाबाईंनी माझ्यासमोर कात्री आणि डिंकाची बाटली आणून ठेवली, आणि गेल्या वर्षीचं मोठं पाठकोरं कॅलेंडर दिलं. बहारीनहून आलेलं मशीन, नऊ फ्लॉप्या, आणि तक्ता बनवला तो आम्ही दोन प्रौढ माणसांनी जमिनीवर बसून, पट्ट्या कापून आणि चिकटवून. पायसभाऊंनी पट्टीने आडव्या रेघा मारल्या. पहिला नकार एका ओळीत, दुसरा एका, तिसरा एका. पहिल्या नकाराच्या ओळीत मार्कच्या रकान्यात त्यांनी लाल पेन्सिलीने एक छोटा तुरा काढला.

“आणि ते दुसरं?” मी विचारलं. नव्या भाषांतराचा तुकडाही मी छापला होता. तो तसाच बाजूला पडला होता.

त्यांनी तो उचलला, चार घड्या केल्या आणि खिशात घातला. चिकटवला नाही, आणि टाकलाही नाही.

नऊ मार्चला आम्ही त्यांच्या स्कूटरवरून शीळफाट्यामार्गे कल्याणला गेलो. मागच्या सीटवर मी, हातात गुंडाळलेला तक्ता, मांडीवर एमाबाईंनी भावासाठी तळून दिलेल्या फुग्यांचा, म्हणजे गोल पावांचा, डबा. वारा तक्ता उलगडायला बघत होता आणि मी शुभवर्तमान छातीशी आवळून बसलो होतो. “पडू नका,” पायसभाऊ ओरडले. “तुमी पडलात तर चालेल, तक्ता नको.”

फेलिक्स लोपीस दारात उभा राहिला तेव्हा दार भरलं. उंच, रुंद, पांढऱ्या मिशांचा माणूस. बहिणीचा डबा घेतला, मेहुण्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, “तुमी कोण?”

“मी कॉम्प्युटरवाला,” मी म्हणालो. त्या दिवशी ते सांगताना बरं वाटलं नाही.

तक्ता टेबलावर पसरला. फेलिक्सने चष्मा लावला आणि बोट ठेवून वरून खाली वाचत गेला. आधी पहिला रकाना, मग दुसरा. रेल्वेच्या माणसाचं वाचन. पायसभाऊ उभेच.

“हा मार्क स्लो गाडी दिसतो,” फेलिक्स म्हणाला. “बाकीचे फास्ट. याने मधे एक स्टेशन जास्त घेतलंय.” त्याचं बोट लाल तुऱ्यावर थांबलं. “हे तुझं?”

“हे माझं.”

“म्हणजे तू बरोबर. तेवीस वर्षांनी सर्टिफिकेट घेऊन आलास.”

पायसभाऊंनी खिशात हात घातला. मला कळलं आता काय होणार. ती खिडकी मीच उघडली होती. त्यांनी चार घड्यांचा तुकडा काढला आणि तुऱ्याच्या शेजारी ठेवला.

“हा पण मार्कच हाय,” ते म्हणाले. “नवा. याच्यात मी नाय. खाली टिपेत हाय, पण काहींच्यात हाय नि काहींच्यात नाय, असा. तेव्हा मी बरोबर होतो का ते मना ठाऊक नाय, फेलिक्स. एक ठाऊक हाय. तुला आधी सांगायला पायजे होतं.”

फेलिक्सने तो तुकडा वाचला. मग चष्मा काढला.

“पहिल्या आरवण्याचं कोणाला पडलंय?” तो म्हणाला. “पहिलं आरवलं, मी गेलो. ती दासी बोलत राहिली, लोक थोडे हसले. ते मी विसरलो असतो. पण तू दुसऱ्यांदा आरवलास. मी आत गेल्यावर! तेव्हा सगळं गाव पोट धरून हसलं. मी विंगेत उभा होतो, पायस. तू माझ्याकडे बघून आरवलास.”

मी तक्त्याकडे बघितलं. शेवटचं आरवणं. चारही रकान्यांत होतं. जुन्यात होतं, नव्यात होतं. तीन आठवडे आम्ही ज्याला हात लावला नव्हता ते हेच. त्याबद्दल वाद नाही म्हणून त्यावर आम्ही रेघसुद्धा मारली नव्हती.

“तुला बोलवत होतो,” पायसभाऊ म्हणाले.

“काय?”

“परत ये म्हणून. पडद्यामागनं हाक मारता येत नाय, सगळं नाटक चालू. मना आरवायचंच काम. म्हटलं, दुसऱ्यांदा आरवलो की तुला कळेल, अजून दोन नकार बाकी हायत, आणि तू वळशील.”

“मला वाटलं चिडवतोस.”

“मी तुला चिडवीन?”

आतून फेलिक्सच्या बायकोने विचारलं, “चहा दोघांना का तिघांना?” आणि तो म्हणाला, “तिघांना. मला पण.”

चहा झाल्यावर पायसभाऊंनी पत्रिकेचं प्रूफ काढलं आणि पुढे सरकवलं. फेलिक्सने चष्मा पुन्हा लावला. मामाच्या ओळीपाशी तो थांबेल असं मला वाटत होतं, पण त्याचं बोट त्याआधीच थांबलं.

“हे कोणी तपासलं?”

“मी,” मी म्हणालो.

“बारा एप्रिलला रविवार कुठनं आला? बारा एप्रिल शनिवार हाय. लोक दुसऱ्या दिवशी येतील, रिकामा मांडव बघून जातील.”

दोन मार्क शेजारी लावून एका वचनाचा फरक शोधणाऱ्या मी त्या पत्रिकेवर तीनदा सही केली होती. तीनदा. मी नाही म्हणू शकत नव्हतो, सही माझीच होती. मी नुसती मान हलवली.

फेलिक्सने पेन मागितलं. रविवारवर काट मारून शनिवार लिहिलं. मग खालच्या मामाच्या ओळीवर आला आणि कोऱ्या जागेत, ठळक अक्षरांत, अगदी सरळ ओळीत स्वतःचं नाव लिहिलं.

निघताना मी तक्ता गुंडाळायला घेतला. “राहू दे,” तो म्हणाला. “पण डिंक लावणाऱ्याला सांगा, योहानची पट्टी वाकडी बसलीय.”

“तीच माणसं समोर हायत,” पायसभाऊ म्हणाले.

फेलिक्स दारापर्यंत आला. पायसभाऊ स्कूटरला किक मारत होते. “येईन,” तो म्हणाला. “पाण्याला येईन, मांडवात येईन. पण एक ऐक, पायस. तू आरवायचं नाय.”

पायसभाऊंनी किक थांबवली. “एकदा?”

“एकदा पण नाय.”

“बरं,” पायसभाऊ म्हणाले, आणि किक मारली. शीळफाट्याला सिग्नलला थांबलो असताना त्यांनी हँडल सोडलं, दोन्ही हात तोंडाशी नेले, तसेच क्षणभर धरले आणि खाली घेतले.